बादलीत सांग

१० ऑक्टोबर. नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून व्हिनेगरमध्ये भिजत घातल्या आहेत. एकूण पाच. स्वयंपाकघरातल्या जाळीत बारीक वाळू होती, बेसिनच्या जाळीत गंज. तासभर भिजायला हव्यात. महिन्यातून एकदा हे काम करायची सवय मला अ‍ॅग्नेस आंटीने लावली. ती आज दुपारी तीन वाजता गेली. म्हणजे वसईला गेली, मेली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण इथे नुसतं 'गेली' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एअरपोर्टच्या कार्गोतली शवपेटी येते.

मी सहसा हबकत नाही. आज दुपारपासून हबकलेली आहे. स्वयंपाक केला, भांडी घासली, तरी ते जात नाही. म्हणून जाळ्या भिजेपर्यंत लिहून काढते.

शारजातली आमची ही बिल्डिंग कंपनीची आहे. कंपनीचा कारखाना हमरिया फ्री झोनमध्ये, माझा नवरा शिरीष तिथे क्वालिटी बघतो. सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट, सगळे कंपनीचेच लोक, आणि पाण्याचं बिल कंपनी भरते. ज्याचं बिल आपल्या हातात पडत नाही ते आपण वापरतो, असं माणसाला वाटतच नाही. मलाही वाटत नव्हतं. मी पुण्यात बँकेत होते. इथे अकरा वर्षं घरी गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे बिल्डिंगमधल्या निम्म्या आया मला टीचर म्हणतात. अ‍ॅग्नेस आंटीही टीचरच म्हणायची. ती बासष्ट, मी एकोणपन्नास. तिला आंटी म्हणणं मला जरा जड जायचं, पण दुसऱ्या कुठल्या हाकेला ती ओ देत नसे.

ती बिल्डिंगची इन्चार्ज. बुटकी, रुंद, कानापर्यंत कापलेले पांढरे केस. मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात निळी प्लास्टिकची बादली. त्या बादलीवर तिने काळ्या मार्करने आडव्या रेघा मारल्या होत्या. ती लिफ्टने कधी वर जात नसे. जिन्याने चढायची आणि प्रत्येक मजल्यावर, पाण्याचे पाइप जातात त्या डक्टचं दार उघडून पाइपांना कान लावायची. डॉक्टर छातीला लावतात तसा.

मे महिन्यात एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. खुर्चीत बसली नाही. ती कुणाच्या घरी बसतच नसे.

"कंपनीने कागद दिलाय, टीचर. जून ते सप्टेंबर. लास्ट इयरच्या याच चार महिन्यांपेक्षा बिल्डिंगचं पाणी चौथ्या हिश्शाने कमी झालं पायजे."

"आणि नाही झालं तर?"

"तर मेन्टेनन्सला बाहेरची कंपनी. माझा व्हिसा दरवर्षी रिन्यू होतो, तो होणार नाय. खलास. वसई."

"मग वाईट काय आहे? मुलगा आहे, सून आहे. आराम करा."

"आराम बोललीस की माझ्या छातीत दुखतं. सुनेच्या किचनमध्ये स्टूल टाकून बसू? ती कांदा कापणार आणि मी बघणार? पस्तीस वर्षं मला कोणी बसायला सांगितलं नाय." मग लगेच कामावर आली. "तू चल माझ्याबरोबर. मी एकटी बेल मारली की बायका आतून बघतात आणि गप्प बसतात. टीचर आली की चहा ठेवतात."

मी गेले. पहिलं घर कदम वहिनींचं, तिसऱ्या मजल्यावरचं. कोल्हापूरच्या, मोकळ्या स्वभावाच्या. आंटी सरळ त्यांच्या बाथरूममध्ये शिरली, शॉवर सोडला, खाली बादली धरली, घड्याळ बघितलं.

"अंघोळीला किती वेळ लागतो?"

"लागतात की दहा मिनिटं," वहिनी म्हणाल्या. "पाणी थोडंसंच असतं हो, बारीक धार."

"थोडंसं म्हणजे किती? बादलीत सांग."

वहिनींना सांगता येईना. तेव्हा आंटीने घरातल्या सगळ्या बादल्या, टब, पिठाचा रिकामा डबासुद्धा मागवला आणि दहा मिनिटं शॉवर चालवून एकेक भरून पॅसेजमध्ये ओळीने मांडलं. नऊ बादल्यांचं पाणी झालं. पॅसेजमधून चालायला जागा उरली नाही. वहिनी भिंतीला टेकून बघत राहिल्या. मीही. नऊ बादल्या! एका बाईच्या एका अंघोळीला. मला वाटलं घड्याळात काही चूक असेल.

"आता हे ओतायचं नाय," आंटी म्हणाली. "वापरून संपवा. कपडे, लादी, संडास, सगळं यातून."

दोन दिवस कदमांच्या घरात लोक बादल्यांवरून उड्या मारत फिरत होते. तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतः खाली येऊन शॉवरची पाणी कमी सोडणारी बारीक जाळी मागून घेऊन गेल्या. सात दिरहमची, म्हणजे आपले दीडेकशे रुपये.

'बादलीत सांग' हे तिचं पालुपद होतं. कुणी म्हणालं, अहो जरासा नळ ठिबकतो, तर बादलीत सांग. कुणी म्हणालं, गोठलेलं चिकन वितळेपर्यंतच नळाखाली धरते, तर बादलीत सांग. त्या चिकनवर ती एकदा फार भडकली होती. "गॅस जाळून समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढायचं, पंपाने इथपर्यंत आणायचं, परत पंपाने गच्चीवर चढवायचं, आणि तू त्यात कोंबडी गरम करते? रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव ना तिला!"

फ्लशच्या टाक्या गळतात का हे बघायची तिची एक रीत होती. टाकीत खायचा लाल रंग टाकायचा आणि अर्धा तास कुणी फ्लश करायचं नाही. खालच्या भांड्यात लाल पाणी दिसलं की वॉशर गेला. कदमांच्या घरी तिने रंग टाकला, वहिनींना बजावलं आणि आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. तेवढ्यात कदम भावजी ड्यूटीवरून आले आणि घाईने आत गेले. बाहेर आले ते पांढरेफटक. बायकोला काही न सांगता टॅक्सी करून दवाखान्यात जाऊन बसले. तासाभराने त्यांचा फोन आला: "अगं, मला ॲडमिट करतील बहुतेक. मनाची तयारी ठेव." आंटीने वहिनींच्या हातातून फोन घेतला आणि ओरडून सांगितलं, "भावजी, तुम्ही ठीक हाय! टाकी लीक हाय!" पुढे महिनाभर भावजी जिन्यात तिला बघितलं की परत वर जायचे.

तिच्या युक्त्या सगळ्या साध्या होत्या. इथे मेपासून गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की गार पाण्याच्या नळाला हात लावला तर भाजतो. लोक गार येईल म्हणून नळ सोडून ठेवतात. ते येत नाही, कारण वरची टाकीच उकळत असते. आंटीने घरोघरी गीझर बंद करायला लावले. गीझर घरात, एसीत; बंद केला की त्यातलं पाणी गार राहतं. "चार महिने लाल नळ थंडा, निळा नळ गरम. लक्षात ठेवा." अठ्ठावीस घरांना हे पाठ व्हायला एक आठवडा लागला आणि दोन-तीन मुलांचे हात थोडे पोळले. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याच्या नळ्या तिने मागच्या बाजूला एका टाकीत आणून सोडल्या. ऑगस्टच्या दमट हवेत ती टाकी रोज भरायची. जिने, पार्किंग, गाड्या, सगळं त्यातून. कुणी 'वा आंटी' म्हटलं की ती म्हणायची, "वा नको बोलू. पोछा मार."

एवढं का करते, हे मी एकदाच विचारलं. जिना चढता चढता तिने सांगितलं. आधी ती दुबईकडच्या जबल अलीत एका कामगार वस्तीच्या लाँड्रीत होती. तिथे पाणी टँकरने यायचं. संध्याकाळी एकामागून एक बसेस यायच्या आणि माणसं रांगेने अंघोळीला उभी राहायची. एके दिवशी शेवटच्या बसची माणसं आत गेली, अंगाला साबण लावला आणि नळ कोरडे पडले. "साठ-सत्तर माणसं, टीचर. डोळ्यांत साबण. आंधळ्यासारखी हात पुढे करून बाहेर आली. मी धुतलेल्या चादरी ओल्या होत्या, त्याच घेऊन त्यांचे डोळे पुसले. पहिल्या बसवाल्यांनी मस्त गाणी गात अंघोळ केली होती. त्यांना काय माहीत?" एवढं बोलून तिने डक्टचं दार उघडलं आणि पाइपाला कान लावला. मी जिन्यात उभीच राहिले. अकरा वर्षं मी त्या बसेस रस्त्यावर बघतेय. शेवटची बस म्हणजे काय याचा मी कधी विचार केला नव्हता.

डक्टमध्ये प्रत्येक फ्लॅटचा एक छोटा मीटर आहे. दर शुक्रवारी पहाटे ती मीटर वाचून वहीत उतरवायची आणि सर्वांत जास्त पाणी वापरणाऱ्या तीन फ्लॅटचे नंबर लिफ्टमध्ये चिकटवायची. नाव नाही, नुसता नंबर. पण नंबर बास होता. लोक शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये शिरताना श्वास रोखायचे. आमचा ७०४ त्या यादीत एकदाही आला नाही आणि मला त्याचं आश्चर्यही वाटलं नाही. आमच्याकडे शॉवर बंदच. रात्री बाथरूममधली दोन पिंपं आणि बादल्या भरून ठेवायच्या, सकाळपर्यंत पाणी गार होतं, त्यातून पहाटेच तिघांची तांब्याने अंघोळ. वाहता नळ मला सहन होत नाही. जुलैत आंटीने एकदा विचारलं होतं, "तुझी पिंपं बघू का गं?" मी म्हटलं, "तिथे काय बघायचंय?" ती बरं म्हणाली आणि पुढच्या घराची बेल वाजवली.

ऑगस्टच्या शेवटी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांची बैठक झाली. आकडा खाली आला होता, पण हवा तेवढा नव्हता. बायका कुरकुर करत होत्या. कदम वहिनी म्हणाल्या, "आमचा नंबर दोनदा लागला लिफ्टमध्ये. अजून किती कमी करायचं? पाणी प्यायचं बंद करू?" मी उभी राहिले आणि शिकवणीत बोलते तशी बोलले. म्हटलं, "वहिनी, मनावर घेतलं तर होतं. आमच्याकडे बघा. तीन माणसं, एकदाही यादीत नाव नाही." लोकांनी माना डोलावल्या. आंटी दाराशी उभी होती. ती काहीच बोलली नाही. तिचं गप्प राहणं मला कौतुकाचं वाटलं होतं.

सप्टेंबर संपला. चौथा हिस्सा झाला नाही. अगदी थोडक्यात हुकला: रोजची दोन पिंपं, एवढाच फरक. कंपनीच्या कागदावर थोडक्याला जागा नव्हती. पहिल्या आठवड्यात पत्र आलं. व्हिसा तीस तारखेपर्यंत होता, पण ती थांबली नाही. "काम नाय तर बसून काय करू इथे?"

आज दुपारी मी तिला सोडायला खाली गेले. लॉबीत दोन बॅगा होत्या. कदम वहिनींनी लाडू दिले, भावजींनी बॅगा व्हॅनमध्ये टाकल्या, वहिनी थोड्या रडल्या आणि दोघं वर गेले. मग आंटीने पिशवीतून ती वही काढून माझ्या हातात दिली.

"नव्या लोकांना दे. रीडिंग कुठून सुरू करायची ते माहीत पायजे."

मी चाळायला म्हणून मधलंच एक पान उघडलं. आकडे बघितले की मी आपोआप सर्वांत मोठा शोधते. सर्वांत मोठा ७०४ समोर होता. मी पान उलटलं. पुढच्या शुक्रवारीही ७०४. त्याच्या पुढेही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकही शुक्रवार सुटला नव्हता.

"हे काय आहे, आंटी?"

"मीटर."

"बिघडला असणार."

"मलापण तेच वाटलं. जुलैत नवीन बसवला. तोपण तेच बोलतो."

"अहो, पण आम्ही शॉवरसुद्धा वापरत नाही!"

"सकाळी साडेपाचला तुझ्या बाथरूममधून धो धो पाणी जातं, टीचर. मी डक्टमध्ये उभी असते. पहिल्यांदा मला वाटलं पाइप फुटला. काय ओततेस तू एवढं?"

मला कळायला दोन-तीन सेकंद लागले. मग मी म्हटलं, "शिळं पाणी."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. चेष्टा नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "पाणी शिळं होतं?"

"रात्री भरलेलं, अंघोळी होऊन उरलेलं... सकाळी ओतून टाकायचं. रात्री ताजं भरायचं."

"झाकलेल्या पिंपातलं? एका रात्रीत?"

पुण्यात सकाळी नळाला ताजं पाणी आलं की आई कालचं ओतायची. चोवीस तास नळाला पाणी असलेल्या या घरात अकरा वर्षं मी रोज सकाळी पिंपं आडवी केली आहेत, रोज रात्री पुन्हा भरली आहेत, आणि ते पाणी मी कधी वापरात धरलंच नाही. नळ वाहत नव्हता ना, मग खर्च कसला?

"बादलीत सांग," ती म्हणाली. सवयीने म्हणाली असेल.

मी मनात मोजलं. दीड पिंप सहज उरायचं. वर बादल्या. मिळून रोजची दोन पिंपं.

लॉबीत बसायला बाक आहे, पण मी उभीच होते. "मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता. "जूनमध्ये सांगितलं असतंत तर दुसऱ्या दिवशी बंद केलं असतं!"

"जूनमध्ये सांगितलं असतं तर तू माझ्याबरोबर फिरली असतीस? तुझा नंबर लिफ्टमध्ये लागल्यावर? माझ्यासाठी दार कोण उघडणार होतं?" ती चिडलेली नव्हती. गळक्या वॉशरबद्दल बोलावं तसं बोलत होती. "वाटलं, सत्तावीस घरांतून भरून निघेल. नंतर सांगणारच होते, ऑगस्टमध्ये. पण मग तू मीटिंगला सगळ्यांसमोर बोललीस, आमच्याकडे बघा. त्याच्यानंतर तुझा नंबर बाहेर आला असता तर लोक बोलले असते, दोघी खोटारड्या. सगळ्यांनी नळ सोडले असते. हिशेब केला मी. चुकला माझा."

"तुमची नोकरी गेली, आंटी."

"गेली ना. मी तुझा नंबर लपवला. लपवायला नको होता. इतरांचा नाय लपवला कधी."

बाहेरून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "यल्ला आंटी, चला, फ्लाइट!"

मला काहीतरी बोलायचं होतं. सॉरी हा शब्द तिच्यासमोर उच्चारणं म्हणजे 'वा' म्हणण्यासारखंच झालं असतं. तिने माझ्या दंडावर दोनदा थोपटलं, बॅगा मोजल्या आणि व्हॅनमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. ड्रायव्हरने काचेवरची धूळ उडवायला पाण्याची चिळकांडी सोडली आणि वायपर फिरवले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तेवढ्यात आत तिचं बोट वर गेलेलं मला दिसलं. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. व्हॅन कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते बोट तसंच होतं.

संध्याकाळी मी घरात सांगितलं. आमची मुलगी सई मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बट मॉम, यू डू इट एव्हरी मॉर्निंग. आय थॉट यू न्यू." शिरीषने आधी विश्वासच ठेवला नाही, मग वही बघितली आणि म्हणाला, "झालं ते झालं. आता कुणाला बोलू नकोस. माझे सगळे सहकारी राहतात इथे."

"व्हिसा तीस तारखेपर्यंत आहे तिचा," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे अजून वीस दिवस आहेत."

"नंदा, मी तिथे नोकरी करतो. तू माझी शोभा करणार आहेस."

मी वही पिशवीत ठेवली. जाळ्या भिजल्या असतील. उठते.

११ ऑक्टोबर. सकाळी सहाच्या कंपनी बसने मी हमरियाला गेले. शिरीष त्याच्या गाडीने निघणार होता; मी थांबले नाही. बसमध्ये बिल्डिंगमधले आठ-दहा जण होते, कदम भावजीही. त्यांनी विचारलं, "टीचर, तुम्ही इकडे कुठे?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, पिंपांसकट, बसभर ऐकू जाईल अशा आवाजात. कुणी हसलं नाही.

ऑफिस उघडायच्या आधी मी दाराशी होते. बिल्डिंगचं काम बघणारे मॅनेजर केरळचे आहेत, शांत माणूस. मी त्यांच्यासमोर वही उघडली, ७०४ च्या रांगेवर बोट ठेवलं आणि हिंदीत सांगितलं की हा आकडा माझ्या घराचा आहे, आजपासून तो राहणार नाही, आणि तो वजा केला तर अ‍ॅग्नेस आंटीचा चौथा हिस्सा पूर्ण होतो. तिला परत बोलवा.

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, आप अपने ही खिलाफ कंप्लेंट कर रही हैं?"

"कंप्लेंट नहीं है," मी म्हटलं. "रीडिंग है. लिख लीजिए."

आणि त्यांनी पेन उचलेपर्यंत मी पानावरचं बोट काढलं नाही.